टाचण, टीव्ही आणि शेऱ्याची रिकामी ओळ

शिक्षकांच्या प्रश्नांच्या या सदराला आलेल्या या वेळच्या टपालात आणि मेलमध्ये टीव्ही, पॅनल, ॲप आणि 'ते ॲडी मॉडेल' यांचीच गर्दी आहे. वार्षिक नियोजन झालं, घटक नियोजन झालं की रोजच्या टाचणाची (म्हणजे पाठ कसा घ्यायचा ते आधी लिहून ठेवण्याची) पाळी येते, त्याचाच परिणाम असणार. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं कापून छोटी केलीत, त्याबद्दल आधीच सॉरी.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे, माझ्याकडे चौथी आणि पाचवी एकत्र बसते. गावाने लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही दिलाय. मुलं व्हिडिओ बघताना अगदी गप्प बसतात, संपल्यावर विचारलं की एकसुरात 'कळलं बाई', आणि मग वहीत बघावं तर १/३ मोठा की १/४ मोठा याला पाचवीच्या निम्म्याहून जास्त पोरांची खूण १/४ वर. मग तोच पाठ मी परत फळ्यावर घेते. म्हणजे टीव्हीमुळे काम डबल झालं. प्रशिक्षणात ॲडीचे पाच शब्द सांगितले होते, ते पाठ झाले पण त्यांचं करायचं काय ते कळलं नाही. (एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर: बाई, तुम्ही वही बघितलीत इथेच निम्मं काम झालंय, कारण बरेच जण 'कळलं बाई' वर थांबतात आणि पुढचा घटक घेतात.

ॲडी म्हणजे विश्लेषण, आराखडा, साहित्याची तयारी, प्रत्यक्ष वर्ग आणि मूल्यमापन, या पाच पायऱ्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं. हे शाळेसाठी जन्मलेलंच नाही. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्करासाठी प्रशिक्षण आखायची एक पद्धत तयार झाली, तिथून हे आलं. म्हणून त्याची भाषा आपल्याला जरा परेडसारखी वाटते. पण आतला मुद्दा घरगुतीच आहे, स्वयंपाकाला बसायच्या आधी जेवायला कोण येणार ते विचारा.

तर तुमचाच अपूर्णांकाचा पाठ घेऊ. विश्लेषण म्हणजे मोठा सर्व्हे वगैरे काही नाही, मधल्या सुट्टीत पाच पोरांना जवळ बोलवा आणि '१/४ का मोठा?' एवढंच विचारा, आणि उत्तर दुरुस्त न करता ऐका, हे अवघड जातं आपल्याला, पण ऐका. दोन प्रकारची उत्तरं येतील. एक म्हणेल '४ मोठा ना ३ पेक्षा', तो अजून छेदाकडे साध्या संख्येसारखं बघतोय. दुसरी म्हणेल 'चार तुकडे म्हणजे जास्त', ती तुकडे मोजतेय, तुकड्याचा आकार बघत नाहीये. चूक एकच दिसते पण आजार दोन आहेत, आणि तुमच्या व्हिडिओत यातल्या एकावरही औषध नसणार, कारण तो व्हिडिओ बनवणाऱ्याने तुमची पोरं बघितलेली नाहीत.

आता आराखडा. इथे क्रम उलटा करा. आधी ठरवा तास संपताना पोरगं काय करून दाखवेल. 'अपूर्णांकांची तुलना समजेल' हे नको, समजलं ते दिसत नाही. मी अशी चिठ्ठी ठेवते: 'एका भाकरीचे सारखे ५ भाग केले, तेवढ्याच दुसऱ्या भाकरीचे सारखे ८ भाग केले, १/५ मोठा की १/८, चित्र काढून दाखव.' वर्गात घेतलेले आकडे चिठ्ठीत नकोत, नाहीतर पाठांतर येतं. ही चिठ्ठी आदल्या रात्रीच लिहून टाका, बाकीचा पाठ त्या चिठ्ठीपर्यंत पोचवायचा रस्ता.

तयारीत जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या २४ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. २४ च का, तर २, ३, ४, ६, ८ सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये बसतात. पट्टीच्या बरोबर तीन घड्या घालणं पोरांना जमत नाही, मग निम्मा तास घड्यांतच जातो, त्यापेक्षा ८-८ सेंटिमीटरवर खूण करू द्या. आणि व्हिडिओ आख्खा लावायचाच नाही. त्यातला नेमका दीड मिनिटाचा तुकडा शोधा, सुरू कुठे आणि थांबवायचा कुठे ते मिनिट-सेकंदासकट टाचणात लिहा.

वर्गात ३५ मिनिटं असं धरू: पहिली ५ मिनिटं अंदाज, कोण १/३ म्हणतंय कोण १/४, हात वर, फळ्यावर आकडा लिहायचा आणि बरोबर-चूक काहीच सांगायचं नाही. पुढची १२ मिनिटं पट्ट्या. मग टीव्ही, पण आवाज बंद करून, आणि एका पोराने उठून 'हे काय चाललंय' ते आपल्या शब्दांत सांगायचं, बाकीच्यांनी टोकायचं, ६ मिनिटं. ६ मिनिटं फळ्यावरच्या आधीच्या अंदाजाशी भांडण. शेवटची ६ चिठ्ठीला. आवाज बंदचा दुसरा फायदा तुमच्या चौथीला, त्यांचं लेखनकाम चालू असतं, आणि त्यांची तोंडं टीव्हीकडे नसतील असं बसवा, नाहीतर पाचवीचा पाठ चौथीच जास्त बघते.

शेवटी मूल्यमापन. चिठ्ठ्या घरी न्यायच्या, मार्क द्यायचे नाहीत, फक्त ढीग करायचे. मी हे केलं तेव्हा एक ढीग असा निघाला की मी चाटच पडले: पोरांनी आठ भागांची भाकरी पाच भागांच्या भाकरीपेक्षा चांगली ऐसपैस काढली होती, आठ तुकडे मावायला नकोत का! म्हणजे 'तेवढीच भाकरी' हे त्यांच्या डोक्यात गेलंच नव्हतं, आणि मी मात्र पट्ट्या सारख्या कापून दिल्या होत्या, त्यामुळे तो प्रश्न वर्गात उभाच राहिला नव्हता. टाचणाच्या वहीत शेवटी शेऱ्याची ओळ असते बघा, जिथे आपण सगळे 'पाठ पूर्ण झाला' लिहितो, तिथे मी त्या दिवशी लिहिलं, '११ पैकी ६ बरोबर, ३ जणांची दुसरी भाकरी मोठी, २ जण अजून ८ मोठा म्हणून १/८ मोठा.' दुसऱ्या दिवशीचा पाठ काय घ्यायचा हे त्या ओळीने ठरवलं. तुमचा टीव्ही चालूच राहू द्या, पण आखणीत त्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

प्रश्न: बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. हर्बार्ट, ब्लूम, गॅने, फाइव्ह ई, ॲशुअर, ॲडी, बॅकवर्ड डिझाइन, आणि आता पंचादी. सराव पाठाला नक्की कोणतं वापरायचं? प्रत्येक सर वेगळं सांगतात. (विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: जे निरीक्षक सर पाठ बघायला येणार ते म्हणतील ते. गंमत सोडली तर गोंधळ होतो कारण ही सगळी एका जातीची माणसं नाहीत आणि आपण त्यांना एका रांगेत उभं करतो.

ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाची यादी (१९५६ ची, आणि २००१ मध्ये सुधारलेली) ही पाठाची पद्धत नाहीच, ती उद्दिष्टं किती खोल आहेत ते मोजायची पट्टी आहे. आठवणं, समजणं, वापरणं, पृथक्करण, मूल्यमापन, नवं घडवणं. ती क्रियापदांसाठी जवळ ठेवा, बस. ॲडी आणि ॲशुअर ही आखणीची कामं, म्हणजे वर्गाबाहेर टेबलावर काय करायचं ते, ॲशुअरमध्ये साधन कसं निवडायचं यावर जास्त भर. बॅकवर्ड डिझाइन म्हणजे विगिन्स आणि मॅकटाय यांनी १९९८ मध्ये पुस्तकातून मांडलेला उलटा क्रम, आधी शेवट ठरवा, मग पुरावा, मग कृती, वरच्या उत्तरात मी भाकरीची चिठ्ठी आधी लिहिली ते हेच.

आणि वर्गाच्या आत तासाचा क्रम कसा लावायचा हे सांगणारे वेगळे. त्यात आपल्या डी.एड.-बी.एड. वाल्यांची सगळ्यात जुनी ओळख हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या नावाची पंचपदी, तयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. तुमच्या आईबाबांपैकी कोणी शिक्षक असेल तर त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. गॅने हा माणूस दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलात वैमानिकांच्या निवडीचं-प्रशिक्षणाचं काम करत होता, त्याच्या नऊ घटना आहेत, लक्ष वेधणं, उद्दिष्ट सांगणं, आधीचं आठवून देणं, आशय मांडणं, हात धरून दाखवणं, मुलांकडून करून घेणं, तिथल्या तिथे सांगणं बरोबर का चूक, तपासणं, आणि पुढे दुसरीकडे वापरायला लावणं. फाइव्ह ई (इंग्रजी ई ने सुरू होणाऱ्या पाच पायऱ्या) हे अमेरिकेतल्या बीएससीएस या विज्ञान शिक्षणाच्या संस्थेत १९८० च्या दशकात तयार झालं, त्यात मोठा फरक असा की आधी मुलं शोधतात आणि मग शिक्षक समजावतो. पंचादी (अदिती, बोध, अभ्यास, प्रयोग, प्रसार) आपल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आली आहे, ती बघितलीत की पंचपदीची आठवण येईलच.

सराव पाठाला माझा सल्ला असा, विज्ञान आणि भूगोलाला फाइव्ह ई, गणितात नवी रीत शिकवताना गॅने, कवितेला यातलं काहीही नको. कवितेच्या पाठात 'पूर्वज्ञान जागृती' म्हणून पावसावर पाच प्रश्न विचारून मग पावसाची कविता सुरू करणारे पाठ मी इतके बघितलेत की आता पाऊस आला की मला धडकी भरते. कविता आधी वाचा, चांगली मोठ्याने वाचा.

प्रश्न: नववीला विज्ञान शिकवतो. शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनल आलंय. 'धाराविद्युत' हा धडा त्यावर घ्यायचाय, पण मला वाटतं बॅटरी-बल्ब हातात देणं चांगलं. सहकारी म्हणतात पॅनल असताना वायरी कशाला. (शिक्षक, सातारा)

उत्तर: दोन्ही घ्या, पण क्रम सांभाळा. या धड्यात मुलांच्या डोक्यात एक हट्टी गैरसमज असतो की विद्युतधारा पहिल्या बल्बमध्ये थोडी खर्च होते आणि उरलेली दुसऱ्याला मिळते, नळाला पाणी कमी येतं तसं काहीतरी. हा गैरसमज ओहमच्या नियमाची गणितं सोडवून जात नाही, पोरं गणित बरोबर सोडवतात आणि आत तेच मानत राहतात.

म्हणून दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत (एकाच तारेवर एकामागे एक) ठेवणार असं फक्त सांगा, जोडू नका, आणि वहीत लिहून घ्या: पहिला जास्त प्रकाश देईल, दुसरा देईल, की दोन्ही सारखे? कारणासकट. लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण लिहिलं नाही की नंतर सगळे 'मला माहीतच होतं' म्हणतात. मग खरे बल्ब जोडा. आणि इथे गोची होते, ती माझी भर वर्गात झालीय. बाजारातले दोन टॉर्चचे बल्ब एकाच डब्यातले असले तरी हुबेहूब सारखे नसतात, माझा दुसरा बल्ब जरा मंद लागला आणि मागच्या बाकावरून 'बघा बाई, संपली' अशी आरोळी आली. पाच सेकंद मला काही सुचलं नाही. मग एका पोरीनेच सांगितलं, बल्बांच्या जागा बदला. बदलल्या, तर जो मंद होता तो पहिल्या जागीही मंदच. म्हणजे दोष जागेचा नाही, बल्बचा. ठरवून केलं असतं तरी इतका चांगला प्रयोग झाला नसता, आता मी मुद्दाम जरा वेगळे बल्ब नेते.

पॅनल यायचं ते आता. फेटचं सर्किटचं सिम्युलेशन उघडा (हा प्रकल्प २००२ मध्ये कार्ल वीमन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केला, फुकट आहे, बऱ्याच सिम्युलेशनना मराठी भाषांतर आहे, आणि फाइल डाउनलोड करून नेटशिवाय चालते). त्यात तारेतून सरकणारे कण दिसतात, पहिल्या बल्बच्या आधी, मध्ये आणि नंतर त्यांचा वेग सारखाच. हे खऱ्या तारेत कधीच दिसणार नाही. जे हातात घेता येतं ते हातात द्या, आणि जे डोळ्याला दिसूच शकत नाही ते पडद्यावर. एवढी एक चाळणी लावली तरी पॅनलचा निम्मा वापर आपोआप कमी होतो, आणि उरतो तो कामाचा असतो.

अजून एक, पॅनलवर मजकूर दाखवून तोच मोठ्याने वाचू नका. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मल्टिमीडियावर वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यातून निघालेल्या गोष्टींपैकी दोन वर्गात रोज कामाला येतात: चित्र आणि बोलणं एकत्र चालतं, पण चित्र, बोलणं आणि तेच शब्द लिहिलेले असं तिहेरी झालं की गर्दी होते. आणि सजावटीसाठी टाकलेल्या गोष्टी शिकणं खातात. जलचक्राच्या स्लाइडच्या कोपऱ्यात मी एकदा उड्या मारणारा बेडूक टाकला होता, मुलांना मजा म्हणून. दुसऱ्या दिवशी आठवणीने आकृती काढायला सांगितली तर सांद्रीभवन चौघांनी लिहिलं, बेडूक मात्र जवळपास सगळ्यांनी काढला, एकाने तर दोन.

प्रश्न: आमच्याकडे टीव्ही नाही, पॅनल नाही, नेट आलं तर आलं. माझा एक मोबाइल. यात काय टेक्नॉलॉजी करणार? (शिक्षक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर: एक मोबाइल खूप झाला, फक्त तो पोरांना दाखवायचं यंत्र समजू नका, पोरांना बघायचं यंत्र समजा. पट्टी, घड्या, आकृत्या करताना तीन-चार वह्यांचे फोटो काढा, चूक कशी झाली ते संध्याकाळी निवांत बघता येतं. वाचन करताना प्रत्येक मुलाचं एक मिनिट रेकॉर्ड करा, महिन्याने परत करा, आणि दोन्ही त्याला ऐकवा. पोरगं स्वतःचा आवाज ऐकून जे हसतं आणि मग अडखळलेला शब्द स्वतःच सुधारतं, ते कुठल्या ॲपने होत नाही.

थोडं नेट असेल तर प्लिकर्स बघा. प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षी छापलेला कागद, तो चार दिशांनी धरता येतो म्हणजे चार पर्याय, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर. मुलांना शेजारच्याचं उत्तर बघून कळत नाही, हा मोठा फायदा. नेट नसेल तर तेच काम चार रंगांच्या पुठ्ठ्यांनी, डोळे मिटून छातीशी धरायचे. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचं साहित्य तालुक्याला गेलात की डाउनलोड करून ठेवा, मग शाळेत रेंजची गरज पडत नाही.

आणि एक बिनखर्चाचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातली संभाषणं टेप करून मोजली, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब येतात, आणि जे कधी बोलत नाहीत ते बोलतात. तुमचा मोबाइल खिशात ठेवून रेकॉर्डिंग चालू करा आणि स्वतःचाच एक तास ऐका. मी ऐकलाय. परत ऐकला नाही.

प्रश्न: ३२ वर्षं खडू-फळ्यावर शिकवलं, विद्यार्थी डॉक्टर-इंजिनियर झाले. आता आम्हाला मॉडेल शिकवायला निघालेत. प्रशिक्षणात तर दाखवलं की ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के. मग आमची पोरं शिकली कशी? (निवृत्तीला आलेले एक गुरुजी, कोकण)

उत्तर: गुरुजी, ते टक्के मनावर घेऊ नका. ते ज्या शंकूच्या चित्रावर लिहून दाखवतात, तो शंकू एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचा, १९४६ च्या पुस्तकातला, अनुभव प्रत्यक्षाकडून अमूर्ताकडे कसे जातात ते दाखवणारा. त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कोणीतरी चिकटवले आणि तेव्हापासून जगभर स्लाइडवरून स्लाइडवर फिरतायत. इतके गोल गोल आकडे कुठल्या प्रयोगातून निघतात, तुम्हीच सांगा.

बाकी तुम्ही बिनमॉडेलचे नव्हता. फळ्याचे तीन भाग करून डावीकडे कालचं, मध्ये आजचं, उजवीकडे पोरांची चुकलेली गणितं ठेवणारे गुरुजी मी लहानपणी बघितलेत, तो आराखडाच होता, त्याला नाव नव्हतं इतकंच. फक्त एक विचारते, रागवू नका. डॉक्टर-इंजिनियर झालेल्यांची नावं आपल्या सगळ्यांना पाठ असतात. त्याच वर्गात सातवी-आठवीला जे सुटले, ते कुठल्या धड्यात अडकले होते हे कुठे लिहून ठेवलंय का? माझ्याकडे तरी नाहीये, सुरुवातीच्या बारा-तेरा वर्षांचं काहीच नाहीये, सगळ्या वह्यांत 'पाठ पूर्ण झाला'.

प्रश्न: न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, दीड तास मिळतो. मुलांना मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देतात. स्लाइड्स, गेम्स सगळं केलं. (एक आई)

उत्तर: अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांतल्या बऱ्याच जणी हेच लिहितात. तुमच्या विश्लेषणातच उत्तर आहे: कळतं पण बोलत नाहीत. मग कळण्याची साधनं, म्हणजे स्लाइड, गोष्टीचे व्हिडिओ, हे घरी पाठवा, आठवडाभर गाडीत ऐकू देत, आणि दीड तास फक्त तोंड उघडायला ठेवा.

शेवट काय ठरवायचा तर खरा माणूस, ज्याला इंग्लिशमध्ये उत्तर देऊन चालत नाही. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात, आजी-आजोबा टीव्हीसमोर बसलेले असतात, तेव्हा फोन. एका रविवारी एवढंच, आजीला विचारायचं की आज जेवायला काय केलं आणि ते कसं करतात, आणि परत येऊन वर्गात सांगायचं. त्याच्याआधी अर्धा तास लागणारे शब्द, चिरणं, परतणं, फोडणी, शिजणं, करून दाखवून. 'मी भाजी खाल्लं' म्हणाली तर लगेच टोकू नका, तुम्ही पुढच्या वाक्यात 'अच्छा, भाजी खाल्ली का' म्हणा. आजीला आधी एक मेसेज मात्र टाकून ठेवा की नातवाने इंग्लिश सुरू केलं तर 'काय रे, ऐकू नाही आलं' म्हणायचं. आज्या हे फार छान करतात.

प्रश्न: चॅटजीपीटीवरून टाचण काढलं तर चालेल का? (बरेच जण, म्हणून एकत्र)

उत्तर: काढलेलं टाचण वाचून बघितलंत का आधी? मी पाचवीच्या अपूर्णांकाचं मागितलं तर त्यात पिझ्झा होता, प्रत्येकाला टॅब होता, तास ६० मिनिटांचा होता आणि छेदाला त्याने भाजक म्हटलं होतं. दिसायला मात्र इतकं देखणं की सही होऊन आलं असतं. त्याला तुमचा वर्ग माहीत नाही, त्यामुळे पहिली पायरी आणि शेवटची पायरी, म्हणजे पोरं कुठे अडकलीत आणि आज काय झालं, ही दोन्ही तुमचीच. मधलं किरकोळ काम त्याला द्या. 'या उदाहरणात मुलं जी ठराविक चूक करतात ती पर्यायात येईल असे तीन चुकीचे पर्याय दे', किंवा 'बाजार, एसटी, उसाची मोळी घेऊन दहा शाब्दिक उदाहरणं दे', हे तो झटपट देतो. उत्तरं स्वतः सोडवून बघा, आणि मुलांची खरी नावं, मार्क वगैरे त्यात टाकू नका.

प्रश्न: तुम्ही शेऱ्यात खरं लिहा म्हणता. मी एकदा 'निम्म्या मुलांना जमलं नाही' लिहिलं तर मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, पाठ नीट घेतला नाही का म्हणून. (शिक्षिका, जिल्हा छापू नये)

उत्तर: हे होतं, आणि 'बिनधास्त लिहा' असं मी लांब बसून सांगणं सोपं आहे. तुमच्या वाक्यात 'जमलं नाही' वर वाक्य संपतं, वाचणाऱ्याला पुढे तुम्ही काय करणार ते दिसत नाही, म्हणून तो घाबरतो, त्यालाही वरून कोणी विचारणार असतं. असं लिहून बघा: '२८ पैकी १३ जणांना हातच्याची वजाबाकी जमली. ९ जण मोठ्यातून लहान वजा करतात, अंक वर असो की खाली. ६ जण ० आला की थांबतात. उद्या काड्यांच्या जुड्या, ० वाल्यांना वेगळं बसवून.' केंद्रप्रमुख आले तरी हे वाचून कोणी चिडत नाही, उलट एकदा एकांनी फोटो काढून नेला होता.

आणि सोबत त्या दिवशीच्या चिठ्ठ्या ठेवा, कोणी विचारलंच तर समोर टाकायला. रबर बँड लावून, वर तारीख घालून ठेवा. माझ्या निम्म्या चिठ्ठ्या सुट्या ठेवल्यामुळे हरवल्या, काही तर शाळेच्या खिचडीच्या चुलीत.